टिकलेला गुलाबी

स्क्विशी, म्हणजे हातात दाबायची मऊ खेळणी, जमवणाऱ्यांच्या गप्पांत ‘रेअर कलर’ फार लवकर येतो. जांभळी नाक्याच्या बाजारात, वाशी सेक्टर १७च्या एखाद्या गिफ्ट शॉपमध्ये, शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याच्या काउंटरवर ट्रे पुढे आला की बोटं आधी न दिसलेला रंग शोधतात. धुरकट राखाडी, काळपट जांभळा, चमकी घातलेला पारदर्शक. तो आनंद खरा आहे, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण माझं मत असं झालं आहे, की ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत सगळ्यात दुर्मिळ रंग म्हणजे निऑन गुलाबी. ट्रेमध्ये तोच भरपूर असतो, स्वस्तात मिळतो, म्हणून त्याला कोणी जपत नाही. आणि चार पावसाळ्यांनंतर मूळ छटेतला निऑन गुलाबी शोधायला गेलं तर सापडत नाही.

हे का होतं ते कळायला आधी वस्तू कशाची आहे ते पाहावं लागतं. स्क्विशी या एकाच नावाखाली तीन वेगळ्या जातींचा माल विकला जातो आणि तिन्हींची दुखणी वेगळी. लहान, चिकटसर, ताणली जाणारी ‘मोची’ ही टीपीआरची, म्हणजे थर्मोप्लास्टिक रबराची. दुकानदार तिला सर्रास सिलिकॉन म्हणतात, पण सिलिकॉन एवढं चिकट नसतं आणि धूळही इतकी धरत नाही. टीपीआर मऊ करण्यासाठी त्यात पांढरं खनिज तेल मिसळतात. फार मऊ प्रकारांत ते तेल रबराच्या वजनाहूनही जास्त असतं. दुसरी जात पॉलियुरेथेन फोमची, दाबली की सावकाश फुगणारी: पाव, पीच, मांजर. मेमरी फोमच्या गादीतला फोम तो हाच, १९६६ मध्ये नासासाठी विमानातल्या आसनांच्या कामातून निघालेला. औषध कंपनीचं नाव छापलेलं डॉक्टरांच्या टेबलावरचं हृदय आणि रक्तदान शिबिरात हातात देतात तो पिवळा स्मायली बॉल हेही सहसा पॉलियुरेथेनचेच, फक्त ते झटकन फुगतात. तिसरी जात भरलेली. वर पातळ टीपीआरची कातडी आणि आत पीठ, पाण्याचे मणी (पाणी पिऊन फुगणारे जेलचे गोळे), माल्टोजचा घट्ट पाक किंवा डिंकासारखं जेल.

आता रंग. निळ्या आणि हिरव्यात बहुतेक वेळा थॅलोसायनिन जातीचं रंगद्रव्य असतं. ते १९३०च्या दशकात बाजारात आलं आणि उजेडाला आजही फार चांगलं टिकतं. काळ्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक. ती रंग टिकवतेच, शिवाय आतल्या रबराचंही उन्हापासून रक्षण करते. निऑन गुलाबी, निऑन नारिंगी आणि निऑन पिवळ्यात मात्र फ्लुरोसंट रंग असतात. उजेडातला काही भाग शोषून तो आपल्या रंगात परत फेकायचा हे त्यांचं काम, आणि ते काम करता करताच त्यांचे रेणू तुटत जातात. खिडकीच्या काचेमुळे ते वाचतील असं समजू नये. काच थोडे अतिनील किरण अडवते, पण बरेचसे आत येतात आणि साधा दृश्य उजेडही या रंगांना पुरेसा असतो. पश्चिमेच्या खिडकीत मांडलेल्या रांगेतून गुलाबी आधी फिकट, मग कळकट साय येते तसा होतो. शेजारचा निळा तेव्हा नव्यासारखाच दिसतो.

खात्री करायची असेल तर ज्याचा दुसरा नग आपल्याकडे आहे अशा तुकड्यावर करावी. टीपीआरची एक मोची अर्ध्यापर्यंत अ‍ॅल्युमिनिअम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायची, खिडकीत ठेवायची, दर आठवड्याला फॉइल काढून दोन्ही अर्धी शेजारी पाहायची. मे महिन्यात फरक लवकर दिसतो. त्याहून नेमकी तपासणी नोटा पाहायच्या छोट्या यूव्ही टॉर्चने होते. अंधारात निऑन तुकड्यावर टॉर्च मारला की ताजा रंग सगळीकडे सारखा पेटतो. उतरू लागलेल्या तुकड्यावर उजेडाकडची बाजू मंद आणि खालची बाजू तेज दिसते. नुसत्या डोळ्यांना हा फरक जाणवायच्या आधीच टॉर्चला कळतो. जुनी निऑन स्क्विशी विकत किंवा बदली घेताना हा टॉर्च खिशात असावाच.

पांढऱ्या आणि फिक्या फोमची तक्रार उलटी, तो उडत नाही, पिवळा पडतो. स्वस्त फोम ज्या आयसोसायनेट नावाच्या रसायनापासून बनतो त्याच्या साखळीतच अशी रचना असते की हवा आणि उजेड लागला की ती पिवळी होते. धूर आणि वाहनांच्या वायूंनीही होते. घोडबंदर रोडकडे तोंड असलेल्या खोलीत ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. यातून एक मोठा घोळ तयार होतो. ‘क्रीम’, ‘बटर’, ‘व्हॅनिला’ म्हणून जादा भावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्क्विशी मुळात पांढऱ्या असतात. ओळखायची जागा म्हणजे तळ, कानामागची घडी, आणि जिथे किमतीचं स्टिकर होतं तो चौकोन. मूळ क्रीम असेल तर तिथेही तोच क्रीम असतो. पिवळी पडलेली असेल तर घडीत पांढरा उरलेला दिसतो.

खरी दुर्मिळता कारखान्यात कशी तयार होते तेही सांगायला हवं, कारण तिथे भाबडेपणा महागात पडतो. माल ‘असॉर्टेड’ येतो. म्हणजे बारा किंवा चोवीस नगांच्या डब्यात कोणते रंग किती, हे बनवणाराच ठरवतो आणि किरकोळ दुकानदाराला निवडता येत नाही. मुलं काय उचलतात त्यावर ते प्रमाण ठरतं, म्हणून गुलाबी, आकाशी, पिवळा, पोपटी जास्त आणि तपकिरी, राखाडी कमी. बंद पाकिटाचा प्रकार असेल तर गणित करूनच पैसे घालावेत. सहा रंग सारख्याच संख्येने असतील आणि प्रत्येक पाकीट निव्वळ नशिबाचं असेल, तर सहाही रंग जमायला सरासरी १५ पाकिटं लागतात. ‘७२ मध्ये १’ असा गुपित रंग असेल तर १२ पाकिटांत तो मिळायची शक्यता साधारण १५ टक्के, आणि ७२ पाकिटं घेतली तरी ६३ टक्केच. सीलबंद पूर्ण डबा मात्र वेगळा, कारण त्यात बहुधा संच नीट मांडून भरलेला असतो. चौघांनी मिळून एक सीलबंद डबा घ्यावा आणि वाटून घ्यावा, हा माझ्या मते बंद पाकिटांचा एकमेव शहाणा व्यवहार.

दुसरी दुर्मिळता रंग बदलतानाची. साच्याच्या यंत्रात एका रंगानंतर दुसरा घातला की मधले काही नग दोन्ही रंगांच्या लाटा घेऊन निघतात. कारखाने फिक्याकडून गडदाकडे जातात ते याचसाठी, म्हणजे मधला माल कमी वाया जातो. टीपीआर पुन्हा वितळवता येत असल्याने असे नग बहुतेक परत यंत्रात जातात आणि बाहेर पडतात ते चुकून. मुद्दाम केलेली मार्बल नक्षीही असतेच. तिच्यात रंगांचं प्रमाण प्रत्येक नगात जवळपास सारखं दिसतं. बदलाच्या वेळच्या नगात एक रंग नुसता रेघेपुरता उरलेला असतो. मला हे नग फार आवडतात, कारण त्यांत यंत्राचा एक क्षण पकडलेला असतो.

तिसरी दुर्मिळता नुसती व्यापाराची. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं. त्यातच १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या मालावर या दोन्हींचा परिणाम होतोच. एखादी लाट येऊन गेली की आयातदार तोच साचा, तोच रंग पुन्हा मागवेल याचा भरवसा नाही. म्हणून आवडलेला साचा दिसला की त्याचे सगळे साधे रंग आधी घ्यावेत, प्रत्येकी दोन. एक हाताळायला, एक अंधारात ठेवायला.

रंगवलेले नगही फिरतात. अल्कोहोलच्या शाईने पांढरी मोची काळपट जांभळी करून ‘रेअर’ म्हणून देतात. साच्यात मिसळलेला रंग आरपार एकसारखा असतो. वरून दिलेला घडीत, डोळ्यांच्या खाचेत आणि साच्याच्या जोडरेषेवर गडद साचतो. अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या पांढऱ्या कापसाने तळाचा एक ठिपका पुसला तर बोळ्यावर रंग येतो. आणखी एक पाहायचं: टीपीआर ताणलं की पातळ होऊन फिकं दिसतं, त्यामुळे रंगाची तुलना न ताणलेल्या, सपाट ठेवलेल्या नगांचीच करावी. भरलेल्या बॉलमध्ये कातडी पिवळी आणि आतलं जेल निळं असेल तर दाबल्यावर हिरवा दिसतो. तो हिरवा बॉल म्हणून नोंदवू नये.

उष्णतेने रंग बदलणाऱ्या स्क्विशीची आपल्याकडे वेगळीच अडचण. त्यांतल्या सूक्ष्म कुप्यांतला रंग बहुधा ३१ अंशांच्या आसपास उडतो, कारण हाताच्या उबेने बदल दिसावा हा हेतू. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच ३१च्या वर असते, म्हणून घेणाऱ्याला ती बिघडलेली वाटते. पाच मिनिटं झिप पाऊचमध्ये घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की मूळ रंग परत येतो. तरीही येत नसेल तर कुप्या उन्हाने मेल्या आहेत. त्याला इलाज नाही.

फोम किती सावकाश फुगतो यावरूनही भाव ठरतो, आणि तिथेही तापमान फसवतं. हा फोम थंडीत ताठरतो, उष्म्यात सैल होतो. जानेवारीच्या सकाळी दहा सेकंद घेणारा पाव मे महिन्याच्या दुपारी चार सेकंदांत फुगू शकतो. तुलना करायची तर दोन्ही नग एकाच खोलीत तासभर ठेवून, तळहाताने अर्ध्यापर्यंत दाबून, पाच सेकंद धरून सोडावेत आणि मोजावं. बोटांच्या टोकांनी चिमटे घेऊ नयेत. वरचा रंगाचा थर तिथेच तडकतो.

स्वच्छतेत आपल्या घरांतले दोन शत्रू, तेल आणि हळद. डोक्याला खोबरेल लावून त्याच हातांनी मोची दाबली तर टीपीआर ते तेल पिऊन फुगतं आणि लिबलिबीत होतं. फुग्याच्या रबराची कातडी असेल तर ती कुजते. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो. तो साबणातल्या क्षाराचा परिणाम, पाण्याने निथळला की पिवळ्यावर येतो. हळदीचा रंग उन्हाला अजिबात टिकत नाही, आणि तोच उपाय. पण उन्हात नगाचा स्वतःचा रंगही जाईल, म्हणून डागाएवढं भोक पाडलेली फॉइल गुंडाळून तासभर उन्हात ठेवावी, पाहावं, लागल्यास पुन्हा. निळ्या-हिरव्यावर हे निर्धास्त करता येतं. निऑनवर डाग तसाच राहू द्यावा असं मी सांगेन.

रोजची धूळ काढायला टीपीआरला कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. बोटांनी हलकं चोळायचं, धुवायचं, झटकून प्लास्टिकच्या झाकणावर सावलीत वाळवायचं. टॉवेल किंवा टिश्यूने पुसू नये, तंतू चिकटतात. वाळल्यावर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर घातलेल्या पिशवीत नग टाकून हलवायचा आणि मऊ ब्रशने जास्तीचं पीठ झाडायचं. पावसाळ्यात हे झाडणं नीट करावं. उरलेल्या पिठाला बुरशी धरते. सॅनिटायझर लावू नये, त्याने पृष्ठभाग धुरकट होतो. फोम पाण्यात बुडवूच नये. तळाच्या छिद्रातून पाणी आत जातं, दमट हवेत दिवसेंदिवस वाळत नाही आणि आतून वास येऊ लागतो. पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसणं एवढंच.

ठेवण्याचं पाहू. टीपीआरचे दोन नग चिकटून ठेवले तर काही आठवड्यांत एकमेकांत रुततात आणि गडदाचा रंग फिक्यात उतरतो. त्यातलं तेल कडक, ठिसूळ प्लास्टिकलाही खातं. तळाच्या त्रिकोणात ६ आकडा असलेल्या पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक डबीत ठेवलेली मोची वर्षभरात डबीच्या तळाला वितळवून चिकटते. ५ आकड्याचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्यावा, प्रत्येक नग वेगळ्या झिप पाऊचमध्ये. पॉलिश केलेल्या लाकडी शोकेसवर उघडी मोची ठेवू नये, पॉलिश उठतं. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर सगळ्यात वाईट. छपाईची शाई कायमची आत जाते, बॉलपेनचीही जाते. म्हणून चिठ्ठी पेन्सिलने लिहून पाऊचच्या बाहेर लावायची: साचा, छटा, महिना-वर्ष, कुठून घेतलं, वजन किती ग्रॅम. पाण्याचे मणी भरलेल्या बॉलचं पाणी कातडीतून हळूहळू उडतं. ते वजनावरून आधी कळतं, आकारावरून नंतर.

फोमला ओलावा मारतो. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन दमटपणात तुटत जातं, आधी चिकट होतं, मग चुरा. ठाण्यात जुलैभर हवा ओलीच असते, तेव्हा फोमच्या डब्यात सिलिका जेल हवं. दोन लिटरच्या डब्याला पाच ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बदलाव्यात. नारिंगी दाणे हिरवे होतात ते घ्यावेत. निळ्याचे गुलाबी होतात त्यांत कोबाल्ट असतं. ओले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा चालतात. डबा माळ्यावर नको, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी असते. आतल्या भिंतीचं, बाथरूमला न लागलेलं कपाट उत्तम.

रंगाची नोंद करण्यासाठी एक जागा आपल्या हाताशी आहे: ब्लाऊजपीसचं मॅचिंग सेंटर. नौपाड्यात, वाशीत, कुठेही जा, भिंतभर रुबिया कापड शेकडो छटांत लावलेलं असतं आणि तिथल्या माणसाची नजर पक्की असते. स्क्विशी घेऊन जावं, दुकानाबाहेरच्या उजेडात जुळवावं, त्या छटेचं थोडंसं कापड घ्यावं आणि दोन इंचांचा तुकडा काळ्या पाकिटात जपावा. ‘पर्पल’ लिहिण्यापेक्षा कोनफळी, आमसुली, गुलबक्षी, अबोली, शेवाळी लिहिलं तर समोरच्याला नग न पाहताही छटा कळते. फोटो ट्यूबलाइटखाली काढू नये. सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, शेजारी पांढरा कागद ठेवून काढावा. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. निऑन गुलाबी फोनच्या कॅमेऱ्यात फाटतो, त्यासाठी कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) एक पायरी कमी करावा.

मुलं असलेल्या घरात थोडी कठोर शिस्त हवी. ३ सेंटिमीटरची मोची तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. पाण्याचे मणी गिळले तर आतड्यात फुगतात. असा बॉल चिरला की त्याच क्षणी फेकायचा. कुठलीही भरलेली स्क्विशी मायक्रोवेव्हमध्ये घालायची नाही, आतलं जेल उकळून फुटतं आणि कातडीला चिकटून भाजतं. वासाकडेही लक्ष द्यावं. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने १२ फोम स्क्विशी तपासल्या तेव्हा त्यांतून डायमिथाइलफॉर्मामाइड, टोल्यूइनसारखी द्रव्यं बाहेर पडताना आढळली. नवा फोम बाल्कनीत सावलीत आठवडाभर उघडा ठेवावा; त्यानंतरही रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर तो रंग कितीही दुर्मिळ असो, घरात ठेवू नये. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

फाटलेला फोम सोफेवाले वापरतात त्या रबरी सोल्युशनने जोडता येतो. दोन्ही कडांना पातळ थर, दहा मिनिटं सुकू द्यायचं, मग दाबून धरायचं. टीपीआरला मात्र विश्वासाचा गोंद नाही. झटपट चिकटवणारा गोंद तिथे कडक होतो आणि त्याच्या कडेनेच नवी चीर पडते. माल्टोज गळलं तर कोमट पाण्याने निघतं, चिकट जेल व्हिनेगरने सुटतं.

अदलाबदल हातोहात करावी, कुरिअरच्या गाडीत उन्हाळ्यात नग तापून चपटे होतात. ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीहून ठाण्याला यायला फार वेळ लागत नाही. फक्त सौदा फलाटाच्या दिव्याखाली न करता स्टेशनबाहेर उजेडात करावा. आपल्या नगाची चीर, पिवळेपणा, धुतल्याची खूण आधी सांगावी.

फोम चुरा होऊ लागला की त्याला डब्यात ठेवू नये, कारण ती चिकट पूड शेजारच्या नगांवर बसते आणि निघत नाही. फोटो आणि कापडाची छटा वहीत ठेवून तो बंद पिशवीत सुक्या कचऱ्यात द्यावा, जाळू नये. डबा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा, नव्या पुड्या घालाव्यात आणि दोन दिवसांनी दुसरा नग आत ठेवावा.